गाडीतला स्टिरिओ ‘फट्‌’ का करतो आणि मध्येच गप्प का होतो?



दहावीच्या पुस्तकात विजेच्या धड्यात ओहमचा नियम एका ओळीत येतो. त्यावर दोन-तीन गणिते होतात, परीक्षेत गुण मिळतात आणि पुस्तक बंद होते. या अंकात तोच नियम आम्ही गाडीच्या सीटखाली घेऊन जात आहोत. हा पाठ विद्यार्थ्यांसाठी आहेच, पण पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही तो वाचावा असा आमचा आग्रह आहे. कारण पुढे कळेलच.

आपल्या पालकांपैकी बऱ्याच जणांकडे सेकंड-हँड गाड्या किंवा व्हॅन आहेत, आणि त्यांत बाजारातून बसवून घेतलेला स्टिरिओ, ॲम्प्लिफायर आणि मागे वूफर असतो. तक्रारी ठरलेल्या. किल्ली फिरवली की ‘फट्‌’ असा आवाज येतो. गाणे रंगात आले की स्टिरिओ बंद पडतो, दोन सेकंदांनी आपोआप सुरू होतो, पुन्हा बंद. दुकानात नेले तर उत्तरही ठरलेले असते: ॲम्प गेला, नवीन टाका. आमचे म्हणणे असे की ॲम्पला दोष देण्याआधी त्याला जेवण नीट पोहोचते आहे का, हे पाहावे.

शब्दांबद्दल एक खुलासा. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे तोंडी ‘प्रतिरोध’ हाच शब्द बसलेला आहे. महाराष्ट्रातील पुस्तकांत त्याला ‘रोध’ म्हणतात. शब्द छोटा आणि चांगला आहे, म्हणून इथे तोच वापरू. गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्ह तारेला मेकॅनिक लोक ‘अर्थ’ म्हणतात, तो शब्दही तसाच ठेवू.

आधी बॅटरी. गाडीच्या बॅटरीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येकाचे विभवांतर साधारण २.१ व्होल्ट असते. म्हणून पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झाले की आल्टर्नेटर तिला भरू लागतो आणि टोकांवर सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. स्टार्टर फिरतो त्या क्षणी मात्र हेच विभवांतर १० व्होल्टच्या आसपास घसरते. किल्ली फिरवताना स्टिरिओ क्षणभर मालवतो तो म्हणूनच, आणि त्यात काही बिघाड नाही. गाड्यांमधले बरेचसे ॲम्प्लिफायर असे बनवलेले असतात की पुरवठा १० व्होल्टच्या आसपास उतरला की ते स्वतःच बंद होतात. बंद पडणे हा इथे ॲम्पचा आजार नसतो, त्याने स्वतःला वाचवलेले असते.

आता ‘फट्‌’ आवाज म्हणजे काय ते घरीच ऐकून पाहा. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर आणि १.५ व्होल्टचा एक पेन्सिल सेल घ्या. सेलच्या दोन टोकांना जोडलेल्या तारा स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. ‘टप्‌’ असा आवाज येईल आणि कागदी शंकू एका बाजूला सरकलेला दिसेल. तारा उचलल्या की पुन्हा ‘टप्‌’. तारा टेकवलेल्या असताना मात्र काहीच ऐकू येत नाही. कारण आवाज होतो तो हवा हलल्याने, आणि शंकू सरकून एका जागी थांबला की हवाही थांबते. (तारा जास्त वेळ टेकवून ठेवू नका, सेलही उतरतो आणि स्पीकरची गुंडाळीही तापते.) तेव्हा स्पीकरच्या तारांवर विभवांतर एकदम चढले किंवा एकदम उतरले की ‘फट्‌’ होणार. गाडीतल्या स्टिरिओत अशी अचानक चढ-उतार कुठून येते, एवढेच शोधायचे असते.

सुरू करतानाच आणि बंद करतानाच आवाज येत असेल तर शोध सोपा. स्टिरिओच्या आतले भाग स्थिर व्हायला एखादा सेकंद लागतो, आणि त्या अवधीत त्याच्या लाल-पांढऱ्या आर.सी.ए. पिनांवर एक धक्का येतो. ॲम्प त्या वेळी जागा असेल तर तो धक्का कित्येक पट मोठा करून स्पीकरला देतो. म्हणून ॲम्पने स्टिरिओच्या नंतर जागे व्हावे आणि त्याच्या आधी झोपावे, अशी व्यवस्था असते. यासाठी स्टिरिओतून एक निळी-पांढरी पट्ट्यांची तार निघते, तिला रिमोट म्हणतात. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंत रंग ठरलेले असतात: पिवळी तार कायम पुरवठ्याची, लाल किल्लीची, काळी अर्थची. घाईत काम करणारा कारागीर ॲम्पची रिमोट तार निळ्या-पांढऱ्याऐवजी सरळ किल्लीच्या लाल तारेत अडकवतो. गाणे वाजते, गिऱ्हाईक खूष होते, आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ ‘फट्‌’ ऐकत बसते.

दुसरा प्रकार अधिक अवघड आहे, आणि तो आम्ही आपल्या शाळेच्याच अंगणात पाहिला. आपली मुले ने-आण करणाऱ्या एका व्हॅनवाल्या काकांनी सुट्टीच्या दिवशी उज्जैन-ओंकारेश्वरच्या सहली मिळाव्यात म्हणून गाडीत चार चॅनलचा ॲम्प आणि वूफर बसवून घेतला होता. ढोलाचा ठोका पडला की ‘फट्‌’ होऊन आवाज जाई, दोन सेकंदांनी येई. दुकानाने नव्या ॲम्पचे साडेसहा हजार सांगितले होते. ही रक्कम काकांसाठी लहान नाही. दहावीच्या चार विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या भौतिकीच्या शिक्षकांना आम्ही शनिवारचे दोन तास दिले. हाती एक मल्टिमीटर होता, महाराणी रोडवर तीनशे रुपयांच्या आत मिळतो तसला.

मुलांनी पहिली गोष्ट केली ती ॲम्पच्या अर्थच्या तारेचा रोध मोजण्याची. मीटरने ०.४ ओहम दाखवला. मीटरच्या दोन्ही कांड्या एकमेकींना टेकवल्या तरी ०.४ च दाखवत होता. म्हणजे तार उत्तम, असे त्यांनी वहीत लिहून टाकले. इथे जरा थांबू या, कारण चांगले शिकलेले लोकही या ठिकाणी फसतात. मीटर रोध मोजताना तारेतून अगदी बारीक धारा सोडतो, मिलिअँपिअरमध्ये. तारेच्या तीस-चाळीस काड्यांपैकी एक जरी शाबूत असली तरी तेवढी धारा आरामात जाते. ॲम्पला लागतात वीस-पंचवीस अँपिअर. पायवाटेवरून सायकल गेली म्हणून ट्रक जाईल असे होत नाही. शिवाय इथे जो रोध घातक ठरतो तो ओहमच्या शंभराव्या हिश्शात असतो, आणि साध्या मीटरला तो दिसतच नाही.

मग मोजायचे कसे? धारा वाहत असताना विभवांतर मोजायचे. मीटर डी.सी. व्होल्टवर ठेवला, एक कांडी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूवर. ही दोन्ही टोके एकाच पत्र्याला जोडलेली, तेव्हा मीटरने शून्य दाखवायला हवे. आवाज बंद असताना दाखवलेही. मग मोबाईलवरून ५० हर्ट्‌झचा एकसुरी स्वर लावून आवाज वाढवला. गाणे लावले असते तर आकडा नाचत राहिला असता. ॲम्प बंद पडण्याच्या जरा आधी मीटरवर १.८ व्होल्ट आले. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून ॲम्पच्या पॉझिटिव्ह स्क्रूपर्यंत याच रीतीने मोजले तर ०.९ व्होल्ट. इंजिन बंद होते आणि भाराखाली बॅटरी १२.२ वर उतरली होती. आता वजाबाकी करा: १२.२ मधून १.८ आणि ०.९ गेले, उरले ९.५. ॲम्प बंद पडणारच. आणि तो बंद पडला की धारा थांबते, धारा थांबली की तारेतली घसरणही थांबते, ॲम्पवर पुन्हा १२ च्या वर व्होल्ट येतात आणि तो उठून बसतो. उठताना ‘फट्‌’. पुढच्या ठोक्याला पुन्हा तेच. ॲम्पमध्ये काहीही बिघडलेले नव्हते.

अर्थची तार जिथे पत्र्याला आवळली होती तो स्क्रू खोलला तेव्हा खाली रंग तसाच होता. स्क्रूच्या आट्यांनी जेवढा पत्रा पकडला तेवढाच संपर्क. धारा अंदाजे २० अँपिअर धरली तर ओहमच्या नियमाने त्या सांध्याचा रोध १.८ भागिले २०, म्हणजे ०.०९ ओहम येतो. आकडा क्षुल्लक वाटतो ना? पण त्या सांध्यात खर्ची पडणारी शक्ती १.८ गुणिले २०, म्हणजे ३६ वॅट आहे. आपल्या प्रयोगशाळेतली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची आहे आणि तिने शिसे-कथील पातळ होते. त्याहून जास्त उष्णता त्या एका स्क्रूपाशी, सीटच्या कापडापासून वीतभर अंतरावर निघत होती.

पॉझिटिव्ह तारेचे गणित तर मुलांनी पाहता पाहता सोडवले. घरातल्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तार टाकली होती, लांबी सुमारे चार मीटर. अशा तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०११५ ओहम, म्हणजे चार मीटरला ०.०४६, आणि २० अँपिअरला ०.९२ व्होल्टची घसरण. मीटरने ०.९ दाखवले होते. पुस्तकातले सूत्र इतके तंतोतंत उतरलेले पाहून मुलांचे चेहरे जे खुलले, ते वर्गात फळ्यावर कधी खुलत नाहीत. सहा चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हीच घसरण पाव व्होल्टच्या आत येते. तार घेताना मात्र टोक चाकूने खरवडून पाहावे. स्वस्त तारांत ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, खरवडले की आतून पांढरी दिसते. तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो.

ही तार मागेपर्यंत तपासताना जे सापडले त्याने आम्ही स्वतः हादरलो. मधल्या सीटच्या पट्टीखाली ती दबली होती आणि घासून घासून आतले तांबे दिसत होते. खड्ड्यात गाडी आदळली की तांबे पत्र्याला लागे आणि ठिणगी पडे. पूर्वी त्यामुळे दोन-तीनदा फ्यूज उडाला होता. फ्यूजने आपले काम चोख केले होते. पण तो वारंवार उडतो म्हणून कोणा कारागिराने फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे वेटोळे घालून दिले होते. आता बॅटरी आणि पत्रा यांच्यामध्ये अडवणारे काहीच उरले नव्हते. भरलेल्या बॅटरीतून अशा वेळी शेकडो अँपिअर वाहू शकतात. दीड चौरस मिलिमीटरची तार काही क्षणांत लाल होते, आणि त्या सीटवर आपली मुले बसतात.

फ्यूज आणि तार बदलल्याखेरीज मुले या गाडीत बसणार नाहीत, असे आम्ही त्याच वेळी सांगितले. काका नाराज झाले. “सर, मी आवाजाचं बघायला गाडी दिली होती, तुम्ही तर मुलंच बंद केलीत,” असे म्हणाले. त्यांचे एक-दोन दिवसांचे भाडे बुडणार होते, राग समजण्यासारखा होता. मग आमच्यापैकी एका मुलीने टॉर्च घेऊन “काका, इथे बघा ना” म्हणत ते उघडे तांबे दाखवले. काका बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि काही न बोलता बॅटरीचे निगेटिव्ह टोक स्वतःच खोलू लागले.

काम असे झाले. निगेटिव्ह टोक आधी काढले, कारण पॉझिटिव्ह आधी खोलताना पाना पत्र्याला लागला तर थेट शॉर्ट होते. हातातली अंगठी आणि कडे उतरवून ठेवले, याचे कारणही तेच. अर्थच्या जागी रंग रेगमालने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून नट-बोल्ट आवळला आणि गंज लागू नये म्हणून वरून ग्रीस लावले. सीट-बेल्टचा बोल्ट सोयीचा दिसतो, पण तो अर्थसाठी कधीही वापरू नये, त्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या आवरणाच्या तारांना हातही लावू नये. सहा चौरस मिलिमीटरची तार सीटच्या पट्टीपासून दूर, प्लास्टिकच्या नळीतून नेली. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत बसवला. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. तो ॲम्पजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी तार निराधार राहते. पात्यांच्या फ्यूजचे रंग मुलांनी पाठ करावेत: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ रंगहीन, ३० हिरवा. जागेवर ज्या रंगाचा आहे त्याच रंगाचा घालावा.

नंतर पुन्हा मोजले तेव्हा अर्थच्या बाजूला १.८ ऐवजी ०.०८ व्होल्ट आले. आवाज पूर्ण वाढवूनही ॲम्प बंद पडला नाही. इंडिकेटर लावताना जी बारीक ‘टिक्‌’ स्पीकरमधून ऐकू येई तीही गेली. अर्थ कच्चा असला की ॲम्पची धारा आर.सी.ए. तारेच्या बारीक जाळीतून स्टिरिओकडे वाट काढते आणि गाडीतली प्रत्येक खटपट बरोबर घेऊन येते. सकाळ-संध्याकाळचा ‘फट्‌’ रिमोट तार निळ्या-पांढऱ्याला जोडल्यावर थांबला. सामानाचा एकूण खर्च नव्या ॲम्पच्या किमतीच्या जवळपासही गेला नाही.

सगळ्याच गाड्यांत अर्थचाच दोष निघेल असे नाही. स्टिरिओ अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडत असेल आणि थंड झाल्यावरच चालू होत असेल तर ॲम्प तापतो आहे. त्याच्या पंखांसारख्या पट्ट्यांवर गालिचा किंवा सामान आहे का पाहा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तर तो सुरू होण्याआधीच तापलेला असतो. चालू करताक्षणी बंद होत असेल तर स्पीकरच्या तारा शॉर्ट असतील, किंवा एका चॅनलवर जास्त स्पीकर टांगले असतील. गाडीतला स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो (मीटरवर ३.२ ते ३.६ दिसतो). दोन समांतर जोडले की २ ओहम झाले, आणि हे प्रत्येक ॲम्पला झेपत नाही. स्पीकरची एक तार पत्र्याला जोडण्याची जुन्या रेडिओची पद्धत आजच्या स्टिरिओला मारक आहे, त्याच्या स्पीकरच्या दोन्ही तारांवर पुरवठ्याच्या निम्मे व्होल्ट असतात.

दुकानात यावर एक फॅराडचा चमकदार कपॅसिटर सुचवतात. त्याचेही गणित करून पाहा. १३ वरून ११ व्होल्टपर्यंत उतरताना तो २४ जूल देतो. ४०० वॅट ओढणाऱ्या ॲम्पला हे ०.०६ सेकंद पुरते. रंगाखाली आवळलेल्या स्क्रूवर हे औषध नव्हे.

जाता जाता ओहमबद्दल. गेओर्ग सिमोन ओहम यांचा जन्म १७८९ चा, वडील कुलपे बनवणारे कारागीर. ओहम कोलोन शहरात शाळामास्तर होते, तिथल्याच शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी तारांवर प्रयोग केले, आणि त्यांचे पुस्तक १८२७ साली निघाले. आमच्या व्यवसायातला माणूस म्हणून आम्हाला त्यांचे जरा अधिक कौतुक आहे.

विश्वस्त मंडळींना विनंती अशी की शाळेत मुले आणणाऱ्या प्रत्येक व्हॅनमधल्या बाहेरून बसवलेल्या तारा आणि फ्यूज सत्र सुरू होण्यापूर्वी एकदा तपासले जावेत, आणि प्रयोगशाळेसाठी आणखी पाच मल्टिमीटर मंजूर व्हावेत. पालकांनी आपली गाडी शनिवारी दुपारी आणल्यास दहावीची मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली मोजून देतील. दुरुस्ती मात्र आपल्या मेकॅनिककडूनच करून घ्यावी.

विद्यार्थ्यांसाठी तीन प्रश्न. एका सांध्याचा रोध ०.०५ ओहम आहे आणि धारा ३० अँपिअर, तर किती व्होल्ट घसरतील आणि किती वॅट उष्णता निघेल? इंजिन चालू असताना जो ॲम्प बंद पडत नाही तोच इंजिन बंद असताना का पडतो? आणि दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज लावला तर नेमके काय चुकेल? उत्तरे भौतिकीच्या वहीत लिहून पुढच्या शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत.